कापून दाखवेल ते पुस्तक घे

पत्र :

"मॅडम, मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यातली. जळगावात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या सेमला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आहे. सरांनी पहिल्याच तासाला बिअर-जॉन्स्टनचं नाव फळ्यावर लिहिलं. सीनियर म्हणतात, त्या जाड पुस्तकाच्या नादी लागू नको, बन्सल घे, पेपर निघून जातो. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सोडवलेल्या पेपरांचा गठ्ठा ऐंशी रुपयांत मिळतो. लायब्ररीत टिमोशेंकोची जुनी प्रत आहे, ती उघडली तर इंग्रजीच अंगावर आलं. माझ्या दोन्ही रूममेट डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आल्या आहेत. त्यांचा हा विषय एकदा झालेला आहे, त्यामुळे वर्गात मीच मागे आहे असं वाटतं. पुस्तकांसाठी माझ्याकडे बाराशे रुपये आहेत. वडिलांची केळी आहे. ते म्हणतात, गेल्या वर्षीची पुस्तकं कोरीच्या कोरी पडली आहेत, या वर्षी विचार करून घे. एकच घ्यायचं तर कोणतं घेऊ? आणि त्यांना काय सांगू?"

उत्तर :

बाळ, उत्तर आधी देते, कारणं मागून. बिअर-जॉन्स्टन घे. भारतीय छपाईची, एसआय एककांमधली आणि जुनी प्रत घे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांकडे विचार. कोणाकडे तरी नक्की पडून असेल. पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात बघायला सांग. बन्सल किंवा रामामृतम लायब्ररीतून घरी आणत जा, विकत घेऊ नकोस. आणि तो ऐंशी रुपयांचा गठ्ठा मुळीच घेऊ नकोस. जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत मिळतात. त्यांचे नुसते प्रश्न उतरवून आण, उत्तरं नकोत.

पण मी सांगितलं म्हणून पैसे मोजू नकोस. त्याआधी एक शनिवार लायब्ररीत घालव. तिथे काय बघायचं ते सविस्तर सांगते, कारण हे एकदा जमलं की पुढच्या वर्षीच्या मशीन डिझाइनचं आणि थिअरी ऑफ मशीन्सचं पुस्तकही तू स्वतःच निवडशील.

हा सगळा विषय कापण्याच्या एका कृतीवर उभा आहे. वस्तू अख्खी असते तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून आपण तिला मनाने कापतो, एक तुकडा उचलून बाजूला ठेवतो आणि विचारतो, हा तुकडा जागच्या जागी राहायचा तर कापलेल्या तोंडावर किती जोर हवा? तुमच्या मळ्यातलंच घे. केळीचा घड निसवला, भरला, दांडा वाकून बाहेर आला. समजा घड २५ किलोचा आहे आणि त्याचं वजन खोडापासून ३० सेंटिमीटर बाहेर लोंबतंय. दांडा खोडातून जिथे निघतो तिथे मनाने सुरी चालव. बाहेरचा तुकडा पडू नये म्हणून त्या तोंडावर वरच्या दिशेने साधारण २५० न्यूटन जोर लागेल, तो तुझा शिअर फोर्स. आणि तुकडा खाली फिरू नये म्हणून २५० गुणिले ०.३, म्हणजे ७५ न्यूटन-मीटरचा उलट फिरवणारा जोर लागेल, तो तुझा बेंडिंग मोमेंट. दांड्याचा वरचा भाग ताणला जातोय, खालचा दाबला जातोय. मधे कुठेतरी एक थर असा आहे की जो ना ताणला जातो ना दाबला जातो; कापलेल्या तोंडावरची त्याची रेषा म्हणजे न्यूट्रल अ‍ॅक्सिस.

जे पुस्तक प्रत्येक उदाहरणात हा काप चित्रात दाखवतं, तुकडा वेगळा काढतं, त्याच्यावरचे बाण काढतं आणि मगच आकडे घालतं, ते चांगलं. जे पुस्तक 'दिलेले', 'काढा', 'सूत्र', 'उत्तर' अशा चार ओळींत उदाहरण उरकतं, त्यात पाचशे उदाहरणं असली तरी विषय शिकता येत नाही, कारण नव्या प्रकारचं उदाहरण आलं की कुठलं सूत्र लावायचं हे सुचत नाही. गठ्ठ्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. मी त्याच्या उत्तरांमध्ये तुकड्याचं चित्र क्वचितच पाहिलं आहे.

तर शनिवारी तीन पुस्तकं टेबलावर मांड. बिअर-जॉन्स्टन, बन्सल आणि टिमोशेंकोची ती जुनी प्रत. हिबेलर मिळालं तर चौथं तेही घे. कुठलंच पहिल्या पानापासून वाचू नकोस. तीन जागा उघड.

पहिली जागा, बेंडिंगचं सूत्र. एम/आय = सिग्मा/वाय = ई/आर (एम बेंडिंग मोमेंट, आय छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, सिग्मा ताण, वाय न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासूनचं अंतर, ई मटेरियलचा ताठपणा, आर वाकण्याची त्रिज्या). हे तुला आत्ताच पाठ असेल. पुस्तकात एवढंच बघ की 'वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाटच राहतो' हे वाक्य नुसतं गृहीतकांच्या यादीत टाकून दिलंय, की ते का खरं असावं हेही सांगितलंय. चांगलं पुस्तक सममितीचा आधार घेतं. दोन्ही टोकांना सारखाच मोमेंट असेल तर तुळईचा प्रत्येक तुकडा शेजारच्यासारखाच वाकायला हवा, मग छेद फुगणार तरी कुठल्या बाजूला? हा युक्तिवाद अर्ध्या पानाचा आहे. तो वाचून पुस्तक मिट आणि वहीत तुझ्या शब्दांत लिही, मराठीत लिहिलास तरी चालेल. ज्या पुस्तकातून वाचल्यावर तुला तो लिहिता आला, ते तुझं पुस्तक.

इथे अडलीस तर वाईट वाटून घेऊ नकोस. याच प्रश्नावर गॅलिलिओही चुकला होता. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला. तुळई तुटताना खालच्या कडेभोवती फिरते आणि छेदावर सगळीकडे सारखाच ताण असतो, असं त्याने धरलं. त्या हिशेबाने तुळईची ताकद येते सिग्मा गुणिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले २. आपण आज भागिले ६ करतो. म्हणजे त्याचं उत्तर तिप्पट आलं. उंचीचा वर्ग मात्र त्याला बरोबर सापडला होता, आणि म्हणूनच जुन्या धाब्याच्या घरात सुतार कडी आडवी न ठेवता उभी ठेवतो. १०० बाय १५० मिलिमीटरची कडी उभी ठेवली तर ती आडवीपेक्षा दीडपट भार पेलते आणि सव्वादोन पट ताठ असते. करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. तिप्पटीची चूक दुरुस्त व्हायला फार काळ गेला. १७१३ मध्ये पारांला आणि १७७३ मध्ये कुलोमला बरोबर वाट दिसली होती. पण न्यूट्रल अ‍ॅक्सिस छेदाच्या गुरुत्वमध्यातून जातो हे इंजिनिअरांच्या हाती पक्कं पोचलं ते १८२६ मध्ये, नाविएच्या व्याख्यानांच्या पुस्तकामुळे. एवढ्या मोठ्या माणसांना जे समजायला दोनशे वर्षं लागली ते तुला एका तासात समजलं नाही, तर त्यात तुझं डोकं कमी पडलं असं नाही. पुस्तकाने तिथे थांबून समजावलं आहे का, एवढं पाहायचं.

दुसरी जागा, तुळईतला शिअर स्ट्रेस. इथे बहुतेक मुलं पान उलटतात आणि सूत्र तेवढं घोकतात. या सूत्राच्या मागे दोन काप आहेत. आधी तुळईचा एक पातळ उभा काप काढायचा. मग त्या कापालाच पुन्हा आडवं कापायचं आणि वरचा तुकडा घ्यायचा. त्याच्या डाव्या तोंडावरचा ढकल आणि उजव्या तोंडावरचा ढकल सारखा नाही, कारण दोन्हीकडचा मोमेंट वेगळा आहे. उरलेला फरक आडव्या कापावर कोणीतरी सांभाळायला हवा, तोच शिअर. रशियात झुराव्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला हे सापडलं ते रेल्वेचे लाकडी पूल बांधताना, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. लाकूड रेषांच्या दिशेने किती सहज चिरतं हे कुऱ्हाड चालवणाऱ्या कोणालाही माहीत असतं, आणि जाड तुळयांमध्ये नेमका त्याच दिशेने शिअर येतो. तुझ्या पुस्तकात हे दोन्ही काप वेगवेगळ्या चित्रांत आहेत का बघ. एकाच चित्रात सगळं कोंबलेलं असेल तर नव्या मुलीला ते कळणं अवघड.

तिसरी जागा, तापमानाचा स्ट्रेस. दोन्ही टोकं पक्की धरलेली सळई तापवली तर काय होतं? हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा प्रश्न पुस्तकाबाहेर दिसतो. भुसावळच्या यार्डात मे महिन्यात रूळ हाताला सोसवत नाहीत. लांब जोडलेल्या रुळाला सरकायला जागा नसते. ज्या तापमानाला तो स्ट्रेसमुक्त बसवला, त्याच्यापेक्षा ३० अंश जास्त तापला असं धर. पोलादाचा प्रसरणांक अंशाला एक कोटीत १२० भाग, म्हणजे १२ भागिले दहा लाख. ई साधारण २,००,००० मेगापास्कल. तिघांचा गुणाकार ७२ मेगापास्कल. आता मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घे. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ नुसत्या वजनावरून निघतं, साधारण ७,६५० चौरस मिलिमीटर. ७२ ने गुणलंस तर साडेपाच लाख न्यूटन. सुमारे ५६ टनांचा दाब एका रुळात, गाडी अजून स्टेशनात यायची आहे तेव्हा. आणि बघ, या हिशेबात रुळाची लांबी कुठेच आली नाही. ती का आली नाही हे तुझ्या पुस्तकातल्या उदाहरणावरून सांगता येतं का, ही तिसरी परीक्षा.

या प्रकारच्या प्रश्नात नुसतं बलांचं संतुलन लिहून भागत नाही. तीन गोष्टी लागतात : बलं जुळली पाहिजेत, लांबी-आखूडपणाची भूमिती जुळली पाहिजे, आणि मटेरियलने दोघांना जोडलं पाहिजे. एमआयटीच्या क्रँडल आणि डाल यांनी १९५९ मध्ये जे पुस्तक काढलं ते या तीन पायऱ्यांवरच रचलेलं होतं. मला स्वतःला ते पुस्तक फार जवळचं आहे, पण पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीच्या हातात मी ते देणार नाही. त्याची रचना समजायला विषय थोडा आधी माहीत असावा लागतो. पुढच्या वर्षी सुटीत वाच.

आता बिअर-जॉन्स्टनच का. पहिलं कारण म्हणजे चित्रं, ते झालंच. त्याची नमुना उदाहरणं एका नजरेत बसतात आणि त्यात तुकडा वेगळा काढलेला असतो. दुसरं कारण माझ्या दृष्टीने याहून मोठं आहे : तुझे सर ते शिकवतात. तुझे सर टिमोशेंको-गिअर शिकवत असते तर मी तुला तेच घे म्हटलं असतं. ते पुस्तक वाक्यावाक्याला जास्त काटेकोर आहे आणि बांधणी उत्तम आहे. पण चिन्हांची पद्धत पुस्तकागणिक बदलते, आणि नव्या विद्यार्थ्याचे हाल त्यात होतात.

हे मी अनुभवाने सांगते. शिकवायला लागले त्या वर्षी मी मोहरचं वर्तुळ (कुठल्या दिशेच्या कापावर किती ताण आणि किती शिअर येतो ते दाखवणारी आकृती) एका पुस्तकातून शिकवलं आणि सरावाची उदाहरणं दुसऱ्यातून दिली. पहिल्या पुस्तकात घटकाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवणारा शिअर वर्तुळावर वरच्या बाजूला मांडतात. बिअर-जॉन्स्टनची पद्धत तीच. दुसऱ्यात शिअरचा अक्षच खाली रोखलेला होता, गिअर आणि हिबेलर यांच्या पुस्तकांत असतो तसा. दोन्ही बरोबर आहेत. पण माझ्या अर्ध्या वर्गाची प्रिन्सिपल प्लेन, म्हणजे जिच्यावर शिअर शून्य असतो ती पातळी, उलट्या दिशेला फिरली, आणि चूक कुठे आहे ते त्यांना शोधता आलं नाही, कारण ती त्यांच्या गणितात नव्हतीच. एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, मॅडम, मला हा विषय झेपणार नाही. तो मुलगा हुशार होता. त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाही. त्यानंतर वर्गाला एकच पुस्तक, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर चिन्हांचा तक्ता, हा नियम मी शेवटच्या वर्षापर्यंत पाळला.

तूही तेच कर. वहीच्या पहिल्या पानावर लिही : सॅगिंग (तुळई मधे खाली लोंबवणारा) मोमेंट धन की ऋण, शिअर फोर्स कुठल्या बाजूला धन, डिफ्लेक्शन (तुळई जागेवरून किती सरकली ते) वर धन की खाली, मोहरच्या वर्तुळात शिअर वर की खाली. बन्सलमधून किंवा टिमोशेंकोच्या जुन्या प्रतीतून उदाहरण घेतलंस की आधी त्या पुस्तकाचं चिन्ह बघ. टिमोशेंकोच्या जुन्या पुस्तकात डिफ्लेक्शन खाली धन धरतात, त्यामुळे ईआय गुणिले वायचा (इथे वाय म्हणजे डिफ्लेक्शन) दुसरा डेरिव्हेटिव्ह बरोबर उणे एम असं दिसेल. बिअर-जॉन्स्टनमध्ये ते उणे नाही. हे माहीत नसेल तर तुळई वरच्या दिशेला वाकलेली निघते.

एककांचंही तसंच. प्रत घेताना आतली दोन-तीन पानं चाळ. ताणाचे आकडे मेगापास्कलमध्ये असले पाहिजेत. पीएसआय, केएसआय, किप असे शब्द दिसले तर ती अमेरिकन एककांची आवृत्ती आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी सोड. जुन्या भारतीय पुस्तकांत चौरस सेंटिमीटरला किलो असतं. त्याला दहाने भागलं की जवळपास मेगापास्कल येतात, त्यामुळे त्यांचा फार त्रास नाही. आवृत्ती सातवी की तिसरी याने तुझं काहीच अडत नाही. या पातळीवरचा विषय शंभर वर्षांत बदललेला नाही. नव्या आवृत्तीत बहुतेक उदाहरणांचे आकडे आणि चित्रांचे रंग बदलतात. सर गृहपाठाला पुस्तकातलाच क्रमांक देत असतील तर तेवढं वर्गातल्या कोणाच्या तरी प्रतीवरून जुळवून घे.

बन्सल आणि रामामृतम यांच्याबद्दल सीनियर अगदीच चुकीचं सांगत नाहीत. या पुस्तकांत सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत आणि ती आपल्या पेपरच्या धाटणीची आहेत. विशेषतः डिफ्लेक्शनसाठी मॅकॉलेची पद्धत आपल्याकडे हमखास विचारतात. मॅकॉलेने ती १९१९ मध्ये मांडली. बिअर-जॉन्स्टनमध्ये तीच कल्पना सिंग्युलॅरिटी फंक्शन या नावाने येते, कंसाचा आकार तेवढा वेगळा. तिथे बन्सल उघड, चार उदाहरणं सोडव, परत ये. मात्र क्रम उलटा करू नकोस.

इंग्रजीचं. लायब्ररीतली ती टिमोशेंकोची प्रत तू पहिल्याच दिवशी मिटलीस, याचं मला वाईट वाटलं. तो माणूस १८७८ मध्ये युक्रेनमधल्या एका खेड्यात जन्मला. अमेरिकेत गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता, साल १९२२. इंग्रजी ही त्याची मायबोली नव्हती. त्याच्या पुस्तकाचा पहिला भाग १९३० मध्ये निघाला, आणि त्यातली वाक्यं मुद्दाम वाचून बघ, साधी आणि सरळ आहेत. तुला अंगावर आले ते शब्द शंभराच्या आतले आहेत. धडा वाचताना समोर एक कागद ठेव आणि अडलेला शब्द त्यावर लिही. तिसऱ्या धड्यापर्यंत तेच ते शब्द फिरून येतात. मराठीत आधी समजून घ्यायचं असेल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं मोफत आहेत, तिथे शोधून बघ. आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. पण व्याख्यान पाहून समजल्यासारखं वाटतं तेवढंच. हातात पेन्सिल नसेल तर ते दुसऱ्या दिवशी राहत नाही.

रूममेटची भीती काढून टाक. डिप्लोमात हा विषय होतो, हे खरं आहे, आणि सूत्रं त्यांच्या तोंडी असतात. पण तिथे बहुतेक ठिकाणी सूत्र लावण्यावर भर असतो. छेद सपाट का राहतो, हे त्यांना विचारून बघ. टोमणा म्हणून नको, खरंच विचार. तिघी मिळून त्या अर्ध्या पानावर बसलात तर तिघींचा फायदा होईल. त्यांना वर्कशॉपची सवय तुझ्याहून जास्त आहे. टॉर्शन (पीळ) आणि स्प्रिंग या धड्यांमध्ये तू त्यांच्याकडून पुष्कळ शिकशील.

तू खरी मागे असशील तर ती पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण कोरी पडलेली पुस्तकं वडिलांनी पाहिली आहेत, त्यावरून मला शंका येते. सपोर्टच्या रिअ‍ॅक्शन, फ्री बॉडी डायग्रॅम (वेगळा काढलेला तुकडा आणि त्याच्यावरचे बाण), सेंट्रॉइड (गुरुत्वमध्य) आणि मोमेंट ऑफ इनर्शिया, एवढं हाताला नसेल तर या सेमचं कुठलंही पुस्तक तुला जड वाटणार, आणि तू दोष पुस्तकाला देशील. त्या कोऱ्या पुस्तकांपैकी मेकॅनिक्सचं काढ. रोज चार फ्री बॉडी डायग्रॅम, पंधरा दिवस. गणित पूर्ण सोडवायचीही गरज नाही, नुसते बाण बरोबर काढ. हेच करताना तुला फार जड गेलं तर मात्र बिअर-जॉन्स्टनऐवजी हिबेलर घे. त्यात प्रत्येक प्रकाराला आधी काय, मग काय, अशा पायऱ्या चौकटीत दिलेल्या असतात. पडत्या काळात त्यांचा आधार होतो.

हे सदर वाचणाऱ्या सिव्हिलच्या मुलांसाठी दोन ओळी. तुमच्या अभ्यासक्रमात या विषयाला मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्स म्हणोत की आणखी काही, मूळ धडे तेच. तुम्हाला डिफ्लेक्शन आणि कॉलम पुढे जास्त लागणार, तर पुस्तकात ते धडे भरघोस आहेत का बघा. मेकॅनिकलवाल्यांनी टॉर्शन, सिलिंडर आणि एकत्रित स्ट्रेस बघावेत.

आता वडिलांचं. बाराशे रुपये त्यांनी केळीच्या पैशातून दिलेत, तेव्हा त्यांना नुसतं "सरांनी सांगितलंय" असं सांगू नकोस. मळ्यातल्या पीव्हीसी पाइपापाशी जा. पाइपावर दाब छापलेला असतो, चार किलोचा, सहा किलोचा. त्यांना विचार, पाइप फुटतो तेव्हा कसा फुटतो, उभा चिरतो की गोल तुटतो? माझी खात्री आहे, ते क्षणात सांगतील की लांबीच्या दिशेने चिरतो. का ते तू दाखव. ११० मिलिमीटरचा पाइप, भिंत ४ मिलिमीटर धर, आत चौरस सेंटिमीटरला ६ किलो, म्हणजे साधारण ०.६ मेगापास्कल. पाइपाला लांबीच्या दिशेने मनाने दोन फाकांत काप. पाण्याचा जोर ०.६ गुणिले ११०, आणि तो पेलायला दोन भिंती, प्रत्येकी ४ मिलिमीटर. ६६ भागिले ८, सव्वाआठ मेगापास्कल. आता पाइप आडवा काप, काकडीच्या चकतीसारखा. टोक बंद असेल तर त्या तोंडावर निम्माच ताण येतो, चारच्या आसपास. म्हणून पाइप आधी लांबीत फाटतो, आणि म्हणून मोठ्या व्यासाच्या पाइपाला त्याच दाबाला जाड भिंत लागते. व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा धक्का बसून हा दाब क्षणभर कितीतरी वाढतो. हेही ते तुला सांगतील, कदाचित तुझ्या पुस्तकाच्या आधी.

मग बांबूच्या टेकूकडे वळा. मृगात लावलेल्या बागेतली झाडं घडाने झुकली की तुम्ही त्यांना टेकू देता. त्यांना विचार, त्याच जाडीचा बांबू दीडपट लांब घेतला तर का वाकतो. ऑयलरने १७४४ मध्ये याचं उत्तर काढलं. लांबी दीडपट झाली की बांबू वाकवणारा भार सव्वादोन पटीने कमी होतो, दुप्पट झाली की चौपटीने. बांबू पोकळ असूनही एवढा ताठ का, हे तुझ्या मोमेंट ऑफ इनर्शियाच्या धड्यात आहे. ते वडिलांसमोर बसून वहीत काढ. बांबूचा बाहेरचा आणि आतला व्यास मोजायला घरातली पट्टी पुरेल. तेवढ्याच मालाच्या भरीव काठीशी तुलना कर आणि आकडा मला पत्राने कळव. टेकूची उंची लिहायला विसरू नकोस.